अर्लचा काटा आणि डर्कचं वजन

"त्याच्याकडे नुसतं समोरून बघू नकोस गं. मागेही एक नजर टाकत जा," असं ग्वेनने मला डर्कशी माझं लग्न झालं त्या दिवशीच बजावलं होतं. डर्कसारखाच तिचाही नवरा जन्मभर भिंतीत खेळलेला. भिंत म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधली ती पाच धिप्पाड माणसं. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक त्यांच्या पाठीमागे लपतो आणि समोरून धावून येणाऱ्यांना हे पाच जण छातीवर झेलतात. मागे वळून मात्र कधी बघत नाहीत. मी तेव्हा हसले होते. जीवशास्त्राची पदवी घेतलेली बाई मी. माझ्या नजरेतून काय सुटणार?

यंदा उन्हाळ्यात नव्या कोचचा निरोप आला. सराव शिबिराच्या पहिल्या दिवशी डर्क तीनशे पंचवीस पौंडांच्या वर भरला, तर भिंतीतली त्याची डावी जागा नव्या पोराला. डर्कचे दोन्ही गुडघे शिवलेले. ही जागा गेली की दुसरा संघ विचारणार नव्हता.

"गेल्या वर्षापर्यंत हेच लोक खा, खा म्हणून मागे लागले होते!" डर्क म्हणाला.

"आधी वजन तर बघू."

घरचा काटा त्याने पाय ठेवताच शरण जायचा. संघाच्या काट्यावर चढावं तर आकडा कोचच्या कानावर जाणार. म्हणून आम्ही अर्लच्या पशुखाद्याच्या दुकानात गेलो. तिथे पोती मोजायचा जमिनीलगतचा भला मोठा काटा होता. डर्क त्यावर उभा राहिला. मी समोर, कडेवर तान्हा ओटिस, डोळे काट्यावर. तीनशे बावन्न.

"काटा बरोबर आहे ना हो?" मी विचारलं.

"मक्याच्या पोत्यांनी अजून तक्रार केली नाही," अर्ल गल्ल्यावरून म्हणाला.

एवढ्यात मी आजूबाजूला पाहिलं. "मेबल कुठाय?"

"इथेच. माझ्या मागे," डर्क न वळता म्हणाला.

मेबल आमची तीन वर्षांची. रोज संध्याकाळी अंगणात खेळ चालायचा. डॅडी भिंत, मेबल त्याचा शर्ट धरून मागे, आणि आजी, म्हणजे माझ्या सासूबाई लोइस, उशी घेऊन चालून यायच्या. डॅडी जिथे उभा, तिथे आपण त्याच्या मागे, हा खेळाचा एकमेव नियम.

घरात कोबीचं सूप शिजू लागलं. डर्कचे गाल बसले, पँट घसरू लागली, काटा मात्र तीनशे चाळीसच्या खाली यायला तयार नाही. मग एके दिवशी अचानक तीनशे आठ! त्या दिवशी अर्लकडे कोंबडीची पिल्लं आली होती आणि मेबल त्या खोक्यापाशी बसली होती. मी आनंदाने डर्कला एक कस्टर्ड घेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी तीनशे चाळीस.

"एका कस्टर्डने बत्तीस पौंड?" डर्क रडवेला झाला.

"शरीरात पाणी साठतं," मी अधिकारवाणीने सांगितलं.

त्याच आठवड्यात आकडा आणखी सहा पौंडांनी चढला. मी थेट सासूबाईंना गाठलं. "लोइस, खरं सांगा, तुम्ही त्याला चीज दिलंत ना?"

"पोरी, मी त्याला चीजचा वाससुद्धा दिला नाही! दिला असता तर माणसासारखा दिसला तरी असता." त्या दिवशी मेबलने अर्लची कोंबडी कवटाळली होती, हे मला फार उशिरा कळलं.

शिबिराच्या आदल्या दिवशी काटा तीनशे बत्तीसवर. डर्कने बॅग भरली ती परत यायच्या तयारीनेच. मेबलला उचलून म्हणाला, "आता रोज घरीच खेळू हं."

दुसऱ्या दिवशी डर्कचा फोन आला. सगळे स्वयंपाकघरात जमलो.

"किती?" मी विचारलं.

"तीनशे."

"म्हणजे पास झालास!"

"कुठला पास! कोच म्हणाला, मी खांब मागितला होता, हा झाडू कोणी पाठवला? पहिल्या सामन्याआधी वीस पौंड वाढव, नाहीतर जागा त्या पोराला."

"पण कालपर्यंत तर..." मी बोटांवर हिशेब केला. "बत्तीस पौंड एका रात्रीत गेले कुठे?"

मेबल टेबलाखालून बाहेर आली. "डॅडीने मला नेलंच नाही," ती फुरंगटून म्हणाली. "मी मागे नव्हते तर कमीच भरणार ना!"

लोइसनी शांतपणे सुपाचं पातेलं उचललं आणि मोरीत उपडं केलं. "बटाटे सोलायला घे," त्या मला म्हणाल्या. "आणि चीज कुठे लपवलंयस ते सांग."

सामन्यापर्यंत डर्क तीनशे एकवीस भरला, संघाच्या काट्यावर, एकटा. डावी जागा त्याचीच राहिली.

आता मी पहिल्या रांगेत बसते, नजर फक्त डर्कवर, आणि चेंडू कुठे गेला ते मला कधीच ठाऊक नसतं. पण ओटिस मध्येच रडतो, मेबल मध्येच पळते, आणि माझी नजर हटते. म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. कधी सामना बघितलात, सगळं मैदान चेंडूमागे धावलं, आणि मागे माणसांचा ढीग उरला, तर जरा तिकडे बघा. सगळ्यात खाली अडुसष्ट नंबरचा माझा डर्क असेल. तो उठला का, तेवढं बघा.