चार अक्षरांची गाडी

"आपण आता नोकरी करणारी माणसं राहिलो नाही," नवऱ्याने दात घासता घासता जाहीर केलं. कडेवर तान्ही, गॅसवर दूध, आणि हा तोंडात फेस घेऊन भविष्य सांगत होता.

लिफ्ट कंपनीत तो तक्रारी घ्यायचा. लिफ्टमध्ये अडकलेल्यांना फोनवरून धीर द्यायचा. बायकोचा धीर मात्र दर आठवड्याला नवी कल्पना काढून खचवायचा. यावेळी त्याने इंटरनेटवरचं एक नाव विकत घेतलं होतं. जी, ए, डी, आय. गाडी.

"नुसतं गाडी?"

"नुसतं आहे म्हणूनच सोनं आहे. अमुक मोटर्स, तमुक मोटर्स ही एकेका दुकानाची नावं. गाडी हे सगळ्या गाड्यांचं नाव. ज्याला गाडी हवी, तो काय टाइप करणार?"

"आणि ज्याला सायकल हवी?"

"विषय भरकटवू नकोस."

त्या नावाच्या पानावर त्याने इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत, रुबाबात जाहिरात टाकली होती: गाडी विकणे आहे. एकच मालक. भाव बोला. आणि काल खरंच निरोप आला, तोही तसल्याच अक्षरांत. 'पत्ता द्या. माणसं घेऊन येतो. उद्याच उचलतो.'

"नाव उचलायला माणसं कशाला लागतात?" तिने विचारलं.

"वकील असतील."

"अरे, खरं सांग, राजीनामा नाही ना दिलास?"

तो चूळ भरू लागला. इतका वेळ चूळ कुणीच भरत नाही. घराचं भाडं, पिल्लाच्या लसी, सगळं त्या एका पगारावर उभं होतं. तिने तान्हीला उगाचच छातीशी घट्ट धरलं.

बेल वाजली. दारात तिघं. मागे दोन आडदांड, एकाच्या खांद्यावर जाड दोरखंड. पुढे एक म्हातारा, भुवयांत पांढरं काहीतरी अडकलेलं. वकील असे दिसत नाहीत, हे तिला वकील न पाहताही कळलं.

"बसा," नवरा म्हणाला. "गाडीचं असं आहे..."

"बसत नाही. आधी दाखवा. आत आहे ना?"

"आत?" नवऱ्याने कॉम्प्युटरकडे पाहिलं. "तशी ती जगभर आहे."

"फाटलीय का?"

"छे. चारच अक्षरं, एकदम घट्ट."

"कापूस आहे की काथ्या?"

नवऱ्याने पुन्हा कॉम्प्युटरकडे पाहिलं. तोवर आडदांड बेडरूममध्ये शिरले होते. चादर उडाली. म्हाताऱ्याने गादीवर पंजा दाबला.

"ओली आहे."

"पिल्लाने पहाटेच केली हो," ती म्हणाली. "पण बाकी कोरडी आहे."

"जुन्या गाद्या घेतो, पिंजतो, भरून विकतो," म्हातारा म्हणाला. "गादी शोधली तर तुमचंच पान आलं."

"अहो, ती गाडी आहे," नवरा कळवळला.

"मग त्यात ड कुठे आहे?"

"मग द तरी कुठे आहे?"

दोघांनी मिळून पडद्यावर पाहिलं. तिथे नुसता डी होता. तो कुणाचीच बाजू घेईना.

"निदान नावाचे तरी काय द्याल?"

"आम्ही गादीला नावं ठेवत नाही साहेब. फक्त भाव पाडतो."

भाव पडला. गादी दोरखंडाने बांधून जिन्यावरून गेली. तिने नको म्हटलं नाही. माणसं गेली एवढ्यानेच तिला हायसं वाटलं. नवरा पलंगाच्या उघड्या फळ्यांवर बसला. ती शेजारी बसली. तान्हीने त्याचं नाक पकडलं, तरी तो हसला नाही.

"राजीनामा," ती म्हणाली.

"सकाळीच साहेबांना मेसेज केला."

"काय लिहिलंस? शब्दन् शब्द सांग."

"फार नाही. साहेब, मी आता येणार नाही."

तेवढ्यात फळीवर त्याचा फोन थरथरला. साहेबांचा निरोप. दोघांपैकी कुणीच हात लावेना. शेवटी तिनेच एक डोळा मिटून वाचला.

'बरं. मग जेवून ये.'

ती उठली आणि घाईघाईने भात टाकला. साहेबांना त्या 'आता'चा खरा अर्थ कळायच्या आत तो जेवून निघायला हवा होता.