खात्री विचारणारं बटण

पडद्यावरच्या बटणांविषयी अख्ख्या नाशकात माझ्याइतका विचार कुणी केला नसेल. बहुधा. साधा निरोप पाठवायचा तरी माझं बोट बटणावर तरंगत राहतं, विहिरीच्या काठावरून डोकावणाऱ्या पोरासारखं. उडी काही पडत नाही.

माझी पुतणी मंजुषा आणि तिचे ठिकठिकाणचे मित्र मिळून निरोपांचं एक ॲप बनवतात, तेही फुकट. त्याचा कोड सगळ्यांना उघडा. कुणीही बघावा, बदलावा, सूचना कराव्यात. कुठलं बटण कुठे आणि कसं असावं, हे मंजुषाकडे. आमचं वाचक मंडळ तिनं त्या ॲपवर आणलं आणि मला विचारलं, "काका, यात तुम्हाला काय हवं?"

माझं मत सहसा कुणी मागत नाही. त्यामुळे मी जरा वाहवलोच. म्हणालो, "पाठवण्याआधी त्यानं विचारावं, खात्री आहे का म्हणून. माणसाला फेरविचाराची संधी हवी."

"भारी," ती म्हणाली आणि आमच्या मंडळापुरता तो बदल करून मोकळी झाली. प्रश्नाखाली दोन बटणं: 'हो' आणि 'नाही'.

त्याच आठवड्यात मंडळात माझं भाषण होतं. आजवर मी शेवटच्या रांगेत बसून दुसऱ्यांची ऐकत आलो. माझं हे पहिलंच. विषय, जुन्या पत्रांतले मायने. मंजुषानं ग्रुपवर टाकलं, 'शनिवारी संध्याकाळी, वाचनालयाचा हॉल. कोण कोण येणार, कळवा.'

मी फोन समोर ठेवून बसलो. 'जयराम लिहीत आहेत' असं उमटलं, आणि गेलं. निरोप आला नाही. 'लंकाबाई लिहीत आहेत.' तेही गेलं. शनिवार उजाडेपर्यंत मंडळातल्या प्रत्येकानं लिहायला घेतलं आणि प्रत्येक जण गप्प झाला. मला स्वच्छ कळलं. नकार कुठल्या शब्दांत द्यावा, हे बिचाऱ्यांना सुचत नव्हतं. सभ्य माणसं. भाषणापेक्षा त्यांचा संकोच वाचवावा म्हणून मी 'कार्यक्रम रद्द' असं लिहिलं.

'खात्री आहे का?' पडद्यानं विचारलं.

नव्हती.

मग रिकाम्या खुर्च्यांना तरी तोंड दाखवावं म्हणून हॉलवर गेलो. आत पाय ठेवायला जागा नव्हती.

"तुम्ही सगळे कसे काय?" मी विचारलं.

माझा जुना मित्र जयराम सिन्नरहून जीपनं आला होता. म्हणाला, "ग्रुपवर एकाचंही उत्तर दिसेना. म्हटलं, गड्या, तू एकटाच भिंतीशी बोलत बसशील. म्हणून आलो."

"मीपण त्याच्यासाठीच," मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी कुणीतरी.

"अरे, पण मग कळवायचं तरी."

"लिहिलं व्हतं की," लंकाबाई म्हणाल्या. मखमलाबादला त्यांचा फुलांचा मळा आहे. "पण त्यानं इचारलं, खात्री हाय का. शेवंतीची तोडणी चाललेली. बाया आल्या तर मी येणार, नाय तर नाय. खोटं कशाला बोलू, भाऊ? दाबलं 'नाही'."

"या वयात खात्री कशाची द्यायची?" जयराम म्हणाला. "मीही 'नाही'च दाबलं."

मंजुषानं कपाळाला हात लावला. "अहो, तो प्रश्न नुसता विचारायचा असतो. लोक न वाचताच 'हो' दाबतात."

"न वाचता?" वाचक मंडळ गंभीर झालं.

माझी कीव म्हणून का होईना, हॉल भरला होता. मी उभा राहिलो आणि कागद संपेपर्यंत बोललो. कुणी हललं नाही, कुणी खोकलं नाही. सगळे पुढे झुकून, कानामागे हात धरून ऐकत होते. असे श्रोते मी दुसऱ्या कुठल्याच वक्त्याच्या नशिबी पाहिले नव्हते.

बाहेर पडताना धीर करून जयरामला विचारलं, "कसं झालं?"

"चांगलंच झालं असणार. मला एक अक्षर ऐकू आलं नाही."

"मग मधेच सांगायचं ना."

"सांगणार होतो. पण बाकीचे इतकं मन लावून ऐकत होते, म्हटलं आपलेच कान गेले."

मागून चपला शोधत लंकाबाई म्हणाल्या, "अगं बाई, तुमचे पण?"