एक खोकला डावीकडे

गुपित राखल्याशिवाय नोकरी टिकत नाही आणि गुपित फोडल्याशिवाय नाती टिकत नाहीत, हे थोरामोठ्यांनी पारखून घेतलेलं सत्य आहे.

मामा (त्यांना सगळे मामाच म्हणत) डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीतले मदतनीस. तिथले मोठे डॉक्टर नामांकित. दोषच काढायचा तर एवढाच, की अलीकडे त्यांना नीट दिसत नसे. त्यावर व्यवस्थापनाने शिस्तशीर तोडगा काढला होता. मामांनी शेजारी उभं राहून एकदा खोकलं की डावीकडे, दोनदा खोकलं की उजवीकडे, आणि घसा खाकरला की थांबायचं. (पेशंट शुद्धीवर असतो, त्यामुळे बोलणं बरं दिसत नाही.) बाहेर ब्र काढणार नाही, अशी मामांनी सही दिली होती. पद्धत शंभर टक्के यशस्वी ठरली. (ज्यांना नंतरही दिसेना, त्यांना अभिप्रायाचा कागद भरता आला नाही.)

मग मामांच्या ताईने ऑपरेशनसाठी तिथलीच तारीख घेतली. आपला माणूस आत आहे म्हटल्यावर काळजी कसली, म्हणाली. आई गेल्यावर याच ताईने मामांना लहानाचं मोठं केलं होतं. त्यात मामांना सर्दी झाली. खोकला असा सुटला, की डॉक्टरांनी थेट दुसरा डोळा गाठला असता.

तारीख पुढे ढकल म्हणून मामांनी परोपरीने विनवलं.

"तुझा खोकला आणि माझा डोळा, संबंध काय?" ताई म्हणाली.

मामा खोकले, रडले आणि सगळं सांगून बसले. "पण कुणाला बोलू नकोस, ताई. नोकरी जाईल."

ताई शब्दाची पक्की. स्वतःचा नंबर रद्द करून तिने फक्त नणंदेला सांगितलं, तेही कुणाला बोलू नको म्हणून. नणंदेने त्याच अटीवर जावेला, जावेने विहीणबाईंना. (अशा अटीवर सांगितलं, तर गुपित फुटलं असं धरत नाहीत.) बघता बघता अख्ख्या गोतावळ्याने नंबर रद्द केले. कारण: घरगुती अडचण. बाहेर मात्र कुणाला कुणकुण लागली नाही. तोंडाला कुलूप ठेवल्याबद्दल व्यवस्थापनाने मामांचा सत्कार केला, आणि गुणाचा गं माझा भाऊ म्हणत ताईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. सर्दी तेवढी अजून हटलेली नाही.

रिकामे झालेले नंबर वाया घालवणं दवाखान्याच्या शिस्तीत बसत नाही. म्हणून तर काल तुम्हाला फोन आला, आणि पुढच्या वर्षीची तुमची तारीख एकदम उद्यावर आली. कसलीही ओळख नसताना नंबर लागला, याचं तुम्हाला केवढं अप्रूप! अहो, ओळख नाही म्हणूनच लागला.