भलत्याच बागेतली छाटणी

सफरचंदाची छाटणी कशी करावी हे बघायला चाळीस बागायतदार बर्फ तुडवत आले होते आणि गेरिट हुकस्ट्रा नेमका त्याच सकाळी चष्मा न लावता घराबाहेर पडला. चष्म्यात आपण म्हातारे दिसतो, असं त्याचं मत होतं. मिशिगनच्या त्या टेकड्यांवर छाटणीतलं गेरिटइतकं कुणालाच कळत नाही, हे मत बागायतदार संघाचं होतं. गेरिटला ते संघाच्याही आधीपासून पटलेलं होतं.

पुढचा रस्ता बर्फाने बुजला होता, म्हणून सगळे मागच्या वाटेने आले. धुकं दाट होतं. गेरिटची बाग आणि शेजारच्या ओडेलिया क्राइनरची बाग यांच्यामधला चर बर्फाखाली गडप झाला होता. गेरिट रांगा मोजत आत शिरला आणि सहाव्या रांगेत थांबला.

"बघा! फांद्यांमधलं अंतर बघा. पाखरू आरपार निघून जाईल इतकं मोकळं झाड. वीस वर्षं घासलोय मी इथं!"

"गेरिट," त्याची बायको नेल मागून हळूच म्हणाली, "जरा इकडे ये."

"आत्ता नको."

"अरे, ही रांग..."

"नेल, मी शिकवतोय ना? तू कॉफीचं बघ."

"बरं," नेल म्हणाली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात हे 'बरं' गेरिटने ओळखायला हवं होतं.

तेवढ्यात म्हाताऱ्या मेल्विनने विचारलं, "शेजारणीची झाडंपण अशीच आहेत का रे?"

"ओडेलियाची?" गेरिट हसला. गेली नऊ वर्षं दोघांमध्ये बोलणं नव्हतं. "तिला कात्री कुठून धरायची तेच कळत नाही!"

सगळे खो खो हसले. त्या हशाने गेरिटला जोर चढला. त्याने यंत्राची करवत सुरू केली. "आता नीट बघा. चांगल्या झाडाच्या बाबतीतसुद्धा कधीकधी मन घट्ट करावं लागतं." मांडीएवढी जाड फांदी कडाडून बर्फात कोसळली. टाळ्या पडल्या.

"झालं का?" धुक्यातून आवाज आला.

"कोण ते?"

"जिला कात्री धरता येत नाही ती."

टाळ्या थांबल्या. पुरुषाचा जुना ओव्हरकोट घातलेली ओडेलिया झाडापाशी येऊन उभी राहिली. तिने फांदीकडे पाहिलं, मग गेरिटकडे. चाळीस माणसं आपापले बूट न्याहाळू लागली.

"चष्मा देऊ?" नेलने विचारलं आणि कोटाच्या खिशातून काढून दिला.

गेरिटने तो नाकावर चढवला. चराच्या पलीकडे त्याची स्वतःची झाडं उभी होती, कुंपणासारखी दाट. त्यांच्यातून पाखरू जाणं सोडाच, वारासुद्धा वळसा घालून गेला असता. त्याचे कान इतके तापले की टोपी काढावी लागली.

पुढचे दोन दिवस तो जेवणाच्या टेबलावर मान वर करत नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी तो ओडेलियाच्या दारात जाऊन उभा राहिला.

"चुकलो मी," तो म्हणाला. "फांदीचंही, आणि बोललो त्याचंही. झाडं तुझी सुंदर आहेत. हे मी आधीच सांगून बसलोय म्हणा, सगळ्यांसमोर."

"ऐकलं मी. पहिल्या वाक्यापासून तिथेच होते."

"मग अडवलं का नाहीस?"

"नऊ वर्षांत पहिल्यांदा कौतुक करत होतास. मध्ये कशाला तोडू?" ओडेलियाने बागेकडे नजर टाकली. "ती फांदी तीन वर्षांपूर्वीच काढायला हवी होती. झाडाचा सगळा जीव खात होती. पण माझ्या बाबांनी वाढवलेली. दर हिवाळ्यात मी करवत घेऊन जायचे आणि न कापताच परत यायचे."

गेरिटचा चेहरा उजळला. "म्हणजे मी बरोबर कापली?"

"अगदी बरोबर. मलासुद्धा इतकी स्वच्छ जमली नसती."

"हे संघात सांगायला पाहिजे!"

"खबरदार!" ओडेलिया म्हणाली. "एक शब्द काढलास तर आणखी नऊ वर्षं बोलणार नाही. आत ये, कॉफी गार होतेय."

एप्रिलच्या सभेत मेल्विनने सगळ्यांदेखत विचारलंच, "काय गेरिट, त्या बिचारीचं झाड जगलं का?"

गेरिट उभा राहिला. ओठांवर आलेलं त्याने दोनदा गिळलं. ओडेलिया दुसऱ्या रांगेत बसून त्याच्याकडे बघत होती.

"जगेल," तो खाली बघत म्हणाला. "पण फांदी कापायला नको होती. माझाच गाढवपणा."

ओडेलियाने मान डोलावली आणि आपल्या शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून त्याच्यासाठी जागा केली.