बायडाबाईच्या मनगटावरचं बँडेज

बायडाबाईच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन नाशिकला पंधरा मिनिटांत उरकलं आणि गोरक्षनाथाची खरी अडचण घरी आल्यावर सुरू झाली. जखम जरा मोठी असती तर ती आलीच नसती.

संगमनेरजवळच्या त्यांच्या वस्तीवर सहा गाई होत्या. वीस वर्षं त्यांच्या धारा बायडाबाईच काढत आली होती. दोन वर्षांपासून तिच्या बोटांना मुंग्या यायच्या, ती झोपेतून हात झटकत उठायची, कपबश्या निसटायच्या. आधी गोरक्षनाथ चिडला, मग घाबरला. गोळ्या झाल्या, मनगटाला पट्टा झाला, एका इंजेक्शनानं तीन महिने बरे गेले. शेवटी नाशिकच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मनगटात अरुंद बोगदा असतो, त्यातली नस दाबली गेलीय, दुर्बिणीतून वरचं आवरण तेवढं कापायचं. भूल फक्त हाताला, दोन टाके, संध्याकाळी घरी. धार मात्र महिनाभर काढायची नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारची पुष्पावती बिस्किटांचा पुडा घेऊन भेटायला आली. बोटभर चिकटपट्टी पाहून तिचा चेहराच उतरला. एवढ्यासाठी पार नाशिक गाठलं होय, म्हणाली. सांजेपर्यंत डेअरीवर बातमी पोचली, की बायडाबाईला धारांचा कंटाळा आलाय. त्या वेळी गोरक्षनाथ तिसऱ्या गाईखाली बसला होता आणि त्याची बोटं आखडून गेली होती. बायकोला कामचुकार म्हटलेलं त्याच्या जिवाला लागलं. त्यानं मेडिकलमधून मोठं बँडेज आणलं आणि तळहातापासून कोपरापर्यंत गुंडाळलं. बायडाबाई नको नको म्हणत होती. पण पुन्हा आलेल्या पुष्पावतीनं डोळ्याला पदर लावला, तेव्हा तिनंही ते राहू दिलं.

त्याच आठवड्यात बायडाबाईच्या माहेरचा, नेवाशाचा एक माणूस वस्तीवरून गेला. त्यानं नेलेल्या बातमीत बँडेजचं प्लास्टर झालं, प्लास्टर आहे म्हणजे हात मोडला असणार, आणि हात काही आपोआप मोडत नाही.

रविवारी जीप आली. बायडाबाईचा धाकटा भाऊ ज्ञानेश्वर, त्याची बायको लंकाबाई आणि चार दणकट भाऊबंद. ज्ञानेश्वरानं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"दाजी, आक्काचा हात कशानं मोडला?"

गोरक्षनाथानं हात मोडला नसल्याचं सांगितलं. मग एवढं बांधलंय कशाला, असं ज्ञानेश्वरानं विचारलं. गोरक्षनाथाला खोटं बोलायची सवय नव्हती.

"जखम लई बारीक हाय म्हून."

भाऊबंदांनी एकमेकांकडे पाहिलं. ज्ञानेश्वर शांतपणे बहिणीजवळ बसला आणि बँडेज सोडायला लागला. ते संपता संपेना. अखेर ती बोटभर पट्टी दिसली. त्यानं हात उलटा केला, सुलटा केला, कोपर दाबून पाहिलं, बोटं एकेक करून हलवली. कुठं काही नाही. आणलेला राग ठेवायचा कुठं, हे त्याला कळेना.

तेव्हा बायडाबाईनंच सगळं सांगितलं. मुंग्या कुठं यायच्या, पेला कसा निसटायचा, आणि आज सकाळी कितीतरी दिवसांनी बोटांना पाण्याचा गारवा कळला, तेसुद्धा. त्रासाची ही दोन वर्षं एका घरात काढूनही गोरक्षनाथानं यातलं निम्मं आज पहिल्यांदा ऐकलं.

मागं उभी असलेली लंकाबाई पुढं आली. ती स्वतःचाच तळहात बघत होती.

"वन्सं, आंगठ्याकडच्या बोटांनाच व्हय? करंगळीला न्हाई?"

"करंगळीला न्हाई."

"मला बी तसंच हाय."

ज्ञानेश्वरानं मान वर केली. "कवापासून?"

"चार वर्सं झाली."

"मंग मला कसं कळलं न्हाई?"

लंकाबाईनं पदर सारखा केला. "आज आक्काचा हात पायला, तसा माझा तुमी कवा पायला?"

भाऊबंद गोठ्याकडे बघायला लागले. गोरक्षनाथ डॉक्टरांचा पत्ता आणायला घरात गेला. तो कागद घेऊन बाहेर आला, तेव्हा ज्ञानेश्वरानं चारचौघांदेखत बायकोचा हात हातात घेतला होता. त्यात पाहायचं काय असतं ते त्याला ठाऊक नव्हतं, तरी तो बराच वेळ पाहत राहिला.