बोलकं छप्पर

गावात कोणाच्याही घरावर नवं छप्पर चढलं की भागरथामाय न बोलावता यायची. हातात पितळेचा लोटा, लोट्यात बोरांच्या वाळलेल्या आठोळ्या. सरळ घरात शिरायची, मधोमध फतकल मारून बसायची, डोळे मिटायची आणि बाहेर उभ्या असलेल्या घरधन्याला हुकूम सोडायची, "टाक."

घरधनी मूठभर आठोळ्या छपरावर फेकायचा. त्या खडखडत खाली यायच्या. मान एका बाजूला कलती करून ती शेवटची आठोळी जमिनीवर पडेपर्यंत ऐकायची आणि मग निकाल द्यायची. कवेलूचं, म्हणजे कौलांचं घर असेल तर "कुजबुजते." सिमेंटचा पत्रा असेल तर "नाकात बोलते." टिनाचा पत्रा असला की मात्र तिचा चेहरा खुलायचा. "हे खरं! भांडखोर जावेसारखं. चार घरं आयकतील."

मी स्लॅबचं घर बांधलं तेव्हाही ती आली. मी आधी मूठभर, मग अख्खा लोटा स्लॅबवर रिकामा केला. ती बराच वेळ डोळे मिटून बसून राहिली. शेवटी उठली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "वसंता, येवढी पुस्तकं वाचली, अन् घर बहिरं बांधलं?"

आमचं रक्ताचं नातं नव्हतं. आमची वाडी संपते तिथे मासे धरणाऱ्या ढिवरांचा मोहल्ला सुरू होतो आणि त्याचं पहिलं घर तिचं. मधे एक कुडाचं कुंपण. मी गावच्या शाळेत मास्तर झालो तरी तिच्या लेखी वसंताच राहिलो. माझा आवाज मुळातच बारीक. शाळेच्या खिडकीशी उभी राहून ती भर वर्गात म्हणायची, "आयकू आलं पायजे, वसंता! पोरं का तुया ओठाकडे पाहून शिकतात?"

"आयकू आलं पायजे" हा तिचा मंत्रच होता. कुकरची शिटी बिघडली तर ती त्यात भात लावायची नाही. शेळीच्या गळ्यातली घंटी पडली तर शेळीपेक्षा घंटी आधी शोधायची. तिचा मुलगा लीलाधर नागपूरहून बॅटरीवर चालणारी स्कूटर घेऊन आला, तेव्हा तिने तिला हळदकुंकू लावलं खरं, पण वर सांगितलं, "हे आली तं समजत नाई, गेली तं समजत नाई. इच्यावर भरोसा नोको ठेवू."

तिच्या घराच्या पुढच्या छपरीत एका खुंटीला परात टांगलेली असायची. पितळेची, काठ ठेचून ठेचून वाकडे झालेले. बाजूलाच खलाचा बत्ता. आमच्याकडे गारांचं वादळ येतं ते बहुतेक मावळतीकडून. आधी गाव लागतं, मग तलावाच्या बांधाची पार, मग तलाव. त्या मोहल्ल्यात पहिलं टिन भागरथामायच्या सासऱ्याच्या घरावर चढलं. त्यावर पहिली गार वाजली की घरातल्या बाईने परात घेऊन गल्लीत यायचं आणि तलावातले गडी काठाला लागेपर्यंत बडवायची, अशी रीत पडली. आधी तिची सासू बडवायची, मग ती.

जाळ्यावर वाकलेल्या माणसाला आभाळाचं भान नसतं, हे खरं. पण आताच्या गड्यांकडे मोबाईल होते. मोहल्ल्यातला सगळ्यात जुना डोंगेवाला सुखदेव तिला मुद्दाम छेडायचा, "बुढे, आता मोबाईलवरच इशारा येते. तुयी परात मोडीत घाल."

"तुया मोबाईलले पानी लागलं का तो मरते. मले पानी लागलं तं मी बंद होते का?"

गारा आल्या की ती डोक्यावर पोतं घेऊन बडवत सुटायची आणि तलावातून उत्तर आल्याशिवाय थांबायची नाही. शेवटी सुखदेव वैतागून ओरडायचा, "आलो, बुढे, आलो!" मग ती परात खाली ठेवायची. गाव हसायचं. मीही हसलो आहे.

एका उन्हाळ्याच्या तोंडी असं वादळ आलं की तिच्या घराचे दोन पत्रे उडून धानाच्या बांधीत जाऊन पडले. उरलेल्यांना गारांनी भोकं पाडली. लीलाधर नागपुरात एका ठेकेदाराकडे काम करायचा. शहराबाहेर लोक हौसेने उतरत्या छपरांचे बंगले बांधतात, तसल्या कामांवर. तो धावत आला आणि येताना टेम्पोत डांबरी शिंगलांचे गठ्ठे घेऊन आला. डांबराच्या जाड, चपट्या पट्ट्या, वर विटकरी दगडाचा चुरा चिकटवलेला. सगळा मोहल्ला पाहायला जमला.

"पातळवाली कवाच घ्याची नाई," लीलाधर सांगू लागला. "हे दुहेरी थराची हाय. डांबरात रबर मिसळलं हाय, म्हणून गार पडली तं तडकत नाई. खाली प्लायवूड, त्याच्यावर हे. लोकं एकीले चार खिळे ठोकतात, आपन सहा ठोकू. अन् हे गोंदाची पट्टी पाहा, उनानं खालचीले चिकटून जाते. हवा शिराले जागाच नाई, तं उडन कशी?"

मग त्याने परीक्षा मांडली. अंगणात चार बाजांवर चार नमुने तिरपे टेकवले. मासे ठेवायचा बर्फ फोडून लिंबाएवढे गोळे केले आणि माझ्या स्लॅबवर चढून तिथून फेकू लागला. कवेलू फुटून भुगा झालं. सिमेंटच्या पत्र्याला आरपार तडा गेला. टिनाला मोठा पोचा आला. शिंगलेवरून मात्र चार दाणे निखळले, बाकी काही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

भागरथामाय आपल्या रिवाजाप्रमाणे शिंगलेच्या खाली जाऊन डोळे मिटून बसली होती. आतून तिने विचारलं, "टाकून राहिला का नाई रे?"

"टाकला ना माय!"

"कवा?"

असा हशा उसळला की सुखदेव हसताहसता खालीच बसला. लीलाधर तर जिंकल्यासारखा वरून ओरडला, "हेच तं सांगून राहिलो! गारा पडू दे, नाई तं आभाळ पडू दे, तू खुशाल झोपून राहशील!"

ती बाहेर आली. तिच्या चेहऱ्याकडे पाहून माझं हसू थांबलं.

"नोको," ती म्हणाली आणि घरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी लीलाधरने मला गाठलं. "गुरुजी, तुम्ही समजावा. पावसाच्या आधी घर झाकलं पायजे. तुमचं आयकते ते." माझं ती कधीच ऐकत नसे, पण गेलो. ती छपरीत जाळं सांधत बसली होती. मी मजबुतीचं, खिळ्यांचं, गोंदाचं सगळं पुन्हा सांगितलं. ती ऐकत होती. मग जाळ्यावरची नजर न काढता बोलू लागली.

"लीलाधर तवा मांडीवर होता. टिन असं तापे का पोराचं आंग घामोळ्यानं लाल. झोपेच ना. मीच याच्या बापाले म्हनलं, वर धानाचं तनस टाका. त्यानं टाकलं. घर थंड झालं बापा. पोरगा झोपला. त्याच्याजवळ मी बी झोपली."

सुई थांबली.

"तनसावर गारा पडल्या. आवाज कसा येईल?"

देवाजी, तिचा नवरा, गारांत डोंगा उलटून तलावात गेला, हे गावाला माहीत होतं. पुढचं मला माहीत नव्हतं.

"गड्याइनं आभाळ पाहिलं होतं, वसंता. सुखदेव होता ना. तोच म्हने, परात नाई वाजली, म्हनजे आजून वेळ हाय. बाकीचे कसे तरी काठाले लागले." तिने धागा दाताने तोडला. "लीलाधरले सांगू नोको. त्याच्या झोपेसाठी टाकलं होतं तनस. त्याच्या जिवाले कायले घोर?"

इतकी वर्षं गावाने तिला चक्रम म्हटलं आणि तिने म्हणू दिलं. एका वाक्यात ती सगळ्यांची तोंडं बंद करू शकली असती. पण ते वाक्य मुलाच्या कानावर गेलं असतं.

मी लीलाधरला एवढंच सांगितलं, "घरावर शिंगल टाक. छपरीत तिची बाज असते, तेवढ्या जागेवर टिन राहू दे." मला वाटलं होतं, तो वाद घालेल. एकटा पत्रा वाऱ्याने उचलला जातो, हे त्यानेच सांगितलेलं होतं. तो फक्त "बरं" म्हणाला. त्या पत्र्याला त्याने इतके बोल्ट मारले आणि वरून इतकी तार आवळली की सुखदेव म्हणाला, "वादळ आलं तं घर जाईन, टिन नाई जात."

माय खूश झाली. आठोळ्या टाकून तिने स्वतःच निकाल दिला, "घर मुकं, छपरी बोलती. चालते." त्यानंतर थंडीतसुद्धा ती घरात झोपली नाही.

त्याच छपरीत, त्याच बाजेवर, थंडी सरता सरता ती गेली. सकाळी मी कुंपणावरून हाक मारली, तर उत्तर आलं नाही. हाकेला उत्तर न देणं हे तिच्या स्वभावात नव्हतं. मी तिथेच कुडाला धरून उभा राहिलो.

तेरवीच्या सकाळी मांडव घालताना मी लीलाधरला विचारलं, "आता छपरीवरही शिंगल टाकशील?"

"नाई गुरुजी. ते टिन राहू द्या." तो दोर आवळत होता. "मले मालूम हाय. तनस माह्यासाठी टाकलं होतं."

माझ्या हातातला बांबू तसाच राहिला.

"आत्यानं सांगतलं होतं. मी शाळेत होतो तवा."

"मग मायला कधी बोलला नाहीस?"

"ते माह्यासाठी लपवून राहिली होती. मी बोललो असतो, तं तिचं येवढ्या वर्षाचं लपवनं वाया गेलं असतं." त्याने गाठ मारली, पुन्हा सोडली, पुन्हा मारली. "मले वाटे, एकदा तरी गारा पडाव्या अन् मायले आयकूच येऊ नये. एकदा तरी झोपून राहावं तिनं. म्हनून आणली होती ते शिंगल."

मी बांबू मांडवाला लावला आणि त्याच्या दोराचं दुसरं टोक धरलं.

दुपारी पंगत बसली. सगळा मोहल्ला जेवायला होता, त्यामुळे तलावात एकही डोंगा नव्हता. लीलाधर मुंडन केलेल्या डोक्याने वरणाची बादली घेऊन वाढत होता. मावळतीकडे आभाळ काळं झालं, वारा सुटला, पत्रावळी फडफडू लागल्या. बायका भांडी आत नेऊ लागल्या.

आणि छपरीवर वाजलं. टण्.

पंगतीतले हात थांबले. सगळ्यांच्या नजरा खुंटीकडे गेल्या. परात तिथेच होती.

दुसरी गार वाजली. लीलाधरने बादली खाली ठेवली. परात काढली, बत्ता घेतला आणि उघड्या डोक्याने गल्लीत जाऊन बडवू लागला. गारा त्याच्या खांद्यांवर आपटत होत्या. तलावात कोणी नाही, हे त्याला सांगायला एकही माणूस उठला नाही. तो बडवतच होता.

मग सुखदेव उठला. हाताला भात तसाच लागलेला. तो मांडवाबाहेर आला, तलावाकडे नाही, लीलाधरकडे तोंड करून उभा राहिला आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, "आलो, बुढे, आलो!"

तेव्हा कुठे लीलाधरने परात खाली ठेवली.