झाडाची खरी नक्कल

इयत्ता तिसरी, तुकडी 'ब' मधील बेचाळीस विद्यार्थ्यांनी येत्या पंधरा दिवसांत प्रसिद्ध चित्रकार आणि निसर्ग या दोहोंपासून प्रेरणा घ्यावी, असा लेखी आदेश शाळेत येऊन थडकला. ज्या वर्गाला शंभर टक्के प्रेरणा मिळणार नाही, त्याचे शुक्रवारचे चित्रकलेचे दोन्ही तास गणिताला देण्यात येतील, असं शेवटच्या ओळीत बारीक टाइपात म्हटलं होतं.

हेडसरांनी आदेश दोनदा वाचला आणि चित्रकलेच्या बाईंसमोर ठेवला.

"बाई, प्रेरणा शंभर टक्के. नव्व्याण्णव चालणार नाही."

"येईल हो सर. येतच असते. आपण फक्त तिला आजवर लेखी कळवलं नव्हतं."

हेडसरांना विनोद कळत नसे असं नाही, पण वरून मंजुरी आल्याशिवाय ते हसत नसत. गणितसर मात्र भिंतीवरच्या वेळापत्रकापाशी उभे राहून शुक्रवारच्या दोन चौकोनांवर पट्टी लावत होते.

"काय मोजताय सर?" बाईंनी विचारलं.

"काही नाही हो. सहज. अपूर्णांक एवढ्यात बसतील का ते बघतोय."

बावीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी मिळवलेलं म्हणाल तर हे दोन चौकोनच. अख्ख्या आठवड्यात सुटीची घंटा झाल्यावर मुलं "एवढ्यात?" म्हणत असतील, तर ती इथेच.

शुक्रवारी त्यांनी वर्गात एका जगप्रसिद्ध चित्रकाराची चित्रं दाखवली. या माणसाने घरामागचं एकच तळं वर्षानुवर्षं रंगवलं होतं.

"बाई, याला दुसरं तळं मिळालं नाही का?"

"मिळालं असतं. पण त्याला वाटायचं, हेच अजून नीट बघून झालेलं नाही."

"आमचे पप्पापण चष्मा असाच शोधतात," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

शाळेकडे तळं नव्हतं, झाड होतं. बाईंनी सगळा वर्ग त्याच्याखाली नेला. झाड एकच, पण प्रत्येकाने आपापल्या जागेवरून काढायचं. मुलं गोल करून बसली. मुंगी मात्र थेट बुंध्याशी जाऊन उताणी झोपली. मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात किडकिडीत मुलगी. सहा महिन्यांत तिने चित्रकलेच्या वहीत तारखेखेरीज काही काढलं नव्हतं.

तासाभराने तिने कागद आणून दिला. त्यावर हिरव्या-काळ्या रेषांचा गुंता होता, त्यात शंभरेक निळी भोकं होती आणि कोपऱ्यात एक काळा ठिपका.

"मुंगे, खोड कुठंय गं?"

"ते माझ्या डोक्यामागं होतं."

"आणि हे काळं?"

"कावळ्याचं बूड."

बाईंनी कागद लांब धरून बघितला, मग जवळ घेतला, मग मान वर करून झाडाकडे बघितलं. बावीस वर्षं त्या या झाडाखालून येत-जात होत्या आणि ही निळी भोकं त्यांना आज पहिल्यांदा दिसत होती.

"पुढच्या शुक्रवारी मी पालथी झोपणार," मुंगी म्हणाली. "मुळं काढायला."

बेचाळीस चित्रं घेऊन बाई मोठ्या उत्साहात कार्यालयात गेल्या. तिथे शाळेचे कारकून भाऊसाहेब प्रत्येक चित्रासोबत भरायचा तक्ता उघडून बसले होते. पहिले तीन रकाने सरळ होते. चौथा होता, 'सदर कलाकृती नक्कल नसल्याची खात्री'.

"आता मूळ बघितल्याशिवाय ही नक्कल नाही हे मी कसं म्हणू?" भाऊसाहेब म्हणाले. "प्रत्येक चित्राला मुळाची नक्कल जोडा."

"म्हणजे नक्कल नाही हे दाखवायला नक्कल जोडायची?"

"खरी नक्कल," भाऊसाहेबांनी दुरुस्ती केली आणि तेच शब्द असलेला शिक्का दाखवला.

चित्रकाराच्या तळ्याचं काम लगेच झालं. पुस्तकातलं पान फाडलं, त्यावर 'खरी नक्कल' उमटवलं, झालं. अडलं ते निसर्गाशी.

"निसर्गाचं मूळ आणा, मी शिक्का मारतो."

"आणू कसं? उपटून?"

"मग मलाच यावं लागणार," असं म्हणून भाऊसाहेब शिक्का आणि शाईचा पॅड घेऊन झाडापाशी गेले. एकेक चित्र झाडाशेजारी धरून, मान डोलावत त्यांनी एक्केचाळीस चित्रं पडताळली. मुंगीच्या चित्रापाशी त्यांची मान थांबली.

"हे झाड नाही."

"आहे. आडवे व्हा, म्हणजे दिसेल."

"बाई, मी वर्ग तीनचा कर्मचारी आहे. मी असा कसा आडवा होणार?"

"तीपण वर्ग तीनचीच आहे," बाई म्हणाल्या. पण भाऊसाहेबांनी ते चित्र बाजूला ठेवलं. मग शिक्का मारण्यासाठी हात उचलला आणि तो तसाच हवेत ठेवून विचारलं, "मुळात हे झाड शाळेचं आहे, याला आधार काय?"

आधार शोधायला डेडस्टॉक रजिस्टर काढलं गेलं. शाळेतली प्रत्येक टिकाऊ वस्तू त्यात होती. बाकं, फळे, पृथ्वीचा गोल (एक, चेपलेला), घंटा (दोन, पैकी एक मुकी). झाड नव्हतं. म्हणजे कागदोपत्री बेचाळीस मुलांनी जे काढलं, ते तिथे नव्हतंच.

"मग आता लिहा की," बाई म्हणाल्या.

"डेडस्टॉकात जिवंत वस्तू? तपासणीत माझी मान जाईल!"

"मग जिवंतांची नोंद कशात होते?"

भाऊसाहेबांनी बराच विचार केला. "या शाळेत? फक्त हजेरीपटावर."

हेडसरांनी मन घट्ट करून सही केली आणि तिसरी 'ब' च्या पटावर त्रेचाळिसावं नाव चढलं, 'झाड'. पालकाचे नाव, निसर्ग. पालकाचा व्यवसाय, काही नाही. दुसऱ्या दिवसापासून हजेरीत "त्रेचाळीस?" असं पुकारलं, की अख्खा वर्ग खिडकीतून बाहेर बघून ओरडे, "हजर!" झाडाने आठवडाभरात एकदाही खाडा केला नाही, मध्येच पाणी प्यायला सोडा म्हटलं नाही, की शेजाऱ्याची वही ओढली नाही. गणितसर तर इतर मुलांना त्याचा दाखला देऊ लागले.

याच गणितसरांनी आठव्या दिवशी कार्यालयात येऊन हसतमुखाने हिशेब मांडला. पटावर त्रेचाळीस, चित्रं जास्तीत जास्त बेचाळीस. प्रेरणा सत्त्याण्णव पूर्णांक सदुसष्ट शतांश टक्के.

"झाडाचं नाव काढून टाका!" बाई कळवळून म्हणाल्या.

"काढू की. पालकांना अर्ज घेऊन पाठवा," भाऊसाहेब म्हणाले. मग बाईंचा चेहरा बघून जरा विरघळले. तसे ते वाईट नव्हते, नियमाने वागत होते इतकंच. "हे बघा बाई, झाडाने एक चित्र दिलं की प्रश्न मिटला. आणि चित्र तर आपल्याकडे पडलेलं आहे."

त्यांनी मुंगीचं चित्र काढून टेबलावर ठेवलं.

"यात खोड नाही, बरोबर? आता मला सांगा, आपल्याला आपली पाठ दिसते का? नाही ना? मग झाडाला आपलं खोड कसं दिसेल? हे झाडाच्याच हातचं आहे. मी शिक्का मारायला तयार आहे."

भिंतीपाशी पट्टीचा बारीक आवाज येत होता. मग बाई हळूच म्हणाल्या, "मुंगीला मी सांगते."

त्यांनी मुंगीला व्हरांड्यात बोलावलं. काय बोलायचं ते त्यांनी चारदा मनात घोकलं होतं.

"मुंगे, तुझं चित्र झाडाच्या नावावर दिलं तर तुला चालेल का गं?"

"द्या की. त्याच्यापाशी एकपण नाही." मुंगीने झाडाकडे बघितलं. "मग मी मुळं काढू?"

बाईंनी नजर चुकवली. "उद्याच प्रेरणा तपासायला साहेब येणार आहेत बाळा. या वेळी भाऊसाहेबांना ओळखू येईल असं काहीतरी काढ. सोप्पं."

मुंगीने घरी जाऊन आईला विचारलं, सोप्पं काय असतं? आईने पोळपाटावरचं पीठ हाताला तसंच असताना पाच मिनिटांत दाखवलं. दोन डोंगर, त्यांच्या मधोमध सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठावर झोपडी, वर तीनचा आकडा आडवा काढला की झाले पक्षी. मुंगीने ते जसंच्या तसं उतरवलं. सकाळी भाऊसाहेबांनी कागदाकडे ओझरतं बघून शिक्का मारला.

"याचं मूळ नाही बघायचं?" बाईंनी विचारलं.

"याला कसलं मूळ? हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं."

"तुम्ही कुठं पाहिलंत?"

"मी?" भाऊसाहेब जरा गोंधळले. "मी तिसरीत असताना काढलं होतं ना!"

मूल्यमापनाचे साहेब अकराला आले. झाडाच्या चित्रापुढे ते बराच वेळ उभे राहिले.

"हा त्रेचाळीस नंबर कोण?"

"शांत आहे," हेडसर म्हणाले. "जागेवरून हलत नाही."

"पालक लक्ष देतात का?"

"अजिबात नाही."

साहेबांनी शेरा लिहिला, 'त्रेचाळीस: झाडास खोड नाही. निरीक्षण कच्चे. सदर विद्यार्थ्यास प्रत्यक्ष झाड दाखवावे.' पुढे मुंगीच्या डोंगरांपाशी त्यांचा चेहरा खुलला. 'उत्कृष्ट. निसर्गाशी थेट नाते. हे चित्र सर्व तुकड्यांना नमुना म्हणून द्यावे.'

प्रेरणा शंभर टक्के भरली. शुक्रवारचे दोन्ही तास वाचले, आणि गणितसर पट्टी घेऊन संगीताच्या चौकोनाकडे सरकले. चित्रकलेच्या त्या दोन तासांत हल्ली बाहेर जावं लागत नाही. वर्गातच बसून बेचाळीस मुलं चौऱ्याऐंशी डोंगर काढतात. घंटा झाली की कुणी "एवढ्यात?" म्हणत नाही, कारण सगळ्यांचं आधीच काढून झालेलं असतं. मुंगीचं तर सगळ्यांच्या आधी.

शाळेने भरवलेल्या चित्रांच्या प्रदर्शनाला आलेली तिची आई बाईंचे हात हातात घेऊन म्हणाली, "फार उपकार झाले हो! आधी नुसतं आडवंतिडवं काढायची. आता कशी माणसासारखी काढायला लागली!"

मुंगीच्या आईला कुणी हसत असेल, तर त्याने कृपया हे वाचणं थांबवावं, हाताशी येईल तो कागद घ्यावा आणि अर्ध्या मिनिटात निसर्ग काढावा. जवळच्या खिडकीतून बाहेर बघायलाही हरकत नाही, पण बघाल असं वाटत नाही. झालं? दोन डोंगर आले असतील. आता चौथा रकाना भरा, हे मूळ आपण कुठे पाहिलंत? आठवत नसेल तर कोरा सोडा. शिक्का आम्ही आधीच मारून ठेवला आहे.